मखमलच्या दारावरच्या सतरा सूचना

"काकू, या सतरा सूचना तुमच्या घोडीला वाचता येतात का?"

प्रश्न टकळीनं विचारला खरा, पण तो तिच्या डोक्यातला नव्हता. मधल्या सुट्टीत भिंग आणि गोगलगाय या तिच्या दोन मैत्रिणींनी तो तयार केला होता आणि 'हिंमत असेल तर विचारून दाखव' असं म्हणून तिच्या गळ्यात घातला होता. टकळीला हिंमत हल्लीच आली होती. वक्तृत्व स्पर्धेत दुसरा नंबर आल्यापासून तिला जगात कुणाचीच भीती वाटेनाशी झाली होती. (पहिला नंबर आला त्या मुलीची मावशी परीक्षक होती, ही गोष्ट टकळी कुणालाही सांगत नसे. विषय निघालाच तर सांगे. विषय तीच काढे.)

शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडे घोड्यांची पागा होती. मधे फरसबंद अंगण, भोवती सहा ठाणं, म्हणजे घोड्यांच्या सहा खोल्या. त्यातल्या पाचव्या ठाणाच्या दारावर प्लॅस्टिकमध्ये मढवलेला एक कागद होता आणि त्याच्यासमोर स्टुलावर बसून घोडीची मालकीण टाचणीनं ब्रशातले केस काढत होती. ती होती नोटरीबाई. दिवसभर लोकांच्या कागदांवर शिक्के मारायचे आणि संध्याकाळी घोडीला खरारा करायचा, यापलीकडे तिला दुसरं काही करताना कुणी पाहिलं नव्हतं. हसताना तर नाहीच.

नोटरीबाईनं टाचणी पदराला लावली आणि टकळीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. भिंतीमागे दोन डोकी पटकन खाली गेली.

"नाही," नोटरीबाई म्हणाली. "तिला नाही वाचता येत. म्हणूनच वाचणारं माणूस शोधतेय. तुला येतं?"

आता वक्तृत्वाचं बक्षीस मिळवलेल्या मुलीला असं विचारल्यावर ती काय करणार? टकळीनं सगळ्या सूचना खणखणीत आवाजात वाचल्या. एक: आत जाण्यापूर्वी स्वतःचं नाव सांगावं. दोन: पाण्याची बादली निळ्या रेघेपर्यंत, वर नाही, खाली नाही. पाच: आयाळ डावीकडेच विंचरावी, ती उजवीकडे पडली की घोडी दिवसभर रुसते. आठ: घोडीसमोर छत्री उघडू नये. नऊ: घोडीला ऐकू जाईल असा 'डॉक्टर' हा शब्द उच्चारू नये. चौदा: खोकला आल्यास अंगणात जाऊन खोकावं. आणि सतरावी: वरील सूचनांव्यतिरिक्त काहीही करू नये.

शेवटच्या शब्दाला दारावरून एक लांब काळं नाक आलं आणि टकळीच्या खांद्यावर टेकलं. गरम, ओलं आणि एवढं मऊ की टकळीला पुढचं वाक्य सुचलं नाही. असं तिच्या आयुष्यात प्रथमच होत होतं. घोडीचं नाव होतं मखमल.

त्या दिवसापासून टकळी रोज शाळा सुटली की पागेत दिसू लागली, आणि महिन्याभरात तिला एक शोध लागला. नोटरीबाई तिथली सगळ्यांत साधी होती.

चौथ्या ठाणाचा मालक दंतवैद्य. तो घोड्याला हात लावण्याआधी साबणानं हात धुवायचा, लावल्यावर धुवायचा, आणि दुसऱ्या कुणाला लावायचा असेल तर आधी नखं तपासायचा. गाजरं उभीच चिरायची, गोल चकत्या घशात अडकतात, हे तो टकळीला आठवड्यातून तीनदा बजावे. सहाव्या ठाणाचा मालक निवृत्त स्टेशनमास्तर. त्याच्या दाराशी खडूनं लिहायचा काळा फळा होता आणि त्यावर घोड्याचं आगमन, निर्गमन आणि विलंबाचं कारण लिहिलेलं असे. 'विलंब चार मिनिटं. कारण: फुलपाखरू.' दाणा सात दहाला म्हणजे सात दहाला. एकदा घड्याळ बंद पडलं तर त्यानं घोड्याची माफी मागितली होती, तीही टोपी काढून.

दोघेही टकळीला बाजूला घेऊन एकच गोष्ट सांगत: बाकीच्यांना घोडा कळत नाही. दंतवैद्याच्या मते स्टेशनमास्तर घोड्याला आगगाडी समजतो. स्टेशनमास्तरच्या मते दंतवैद्य घोड्याला भांडं समजतो. आणि नोटरीबाई घोडीला उपाशी ठेवते, यावर मात्र दोघांचं एकमत. फक्त ते एकमेकांशी बोलत नसल्यामुळे हे एकमत आहे याचा दोघांनाही पत्ता नव्हता.

मग नोटरीबाईच्या बहिणीच्या पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. शनिवारी, परगावी. आणि पागेत काम करणाऱ्या मोतद्दाराची शनिवारी सुट्टी. नोटरीबाईनं ब्रश खाली ठेवला आणि विचारलं, एक दिवस सांभाळशील? नीट सांभाळलीस तर सुट्टीत तुला बसायला शिकवते.

आपण घरी कसं पोचलो ते टकळीला आठवत नाही. घरी पोचल्यावर काय झालं ते मात्र पक्कं आठवतं.

टकळीचे बाबा एका कार्यालयात अधीक्षक होते. सुट्टीसाठी त्यांनी आधीच गणिताचा क्लास ठरवून ठेवला होता, सकाळी आठ ते अकरा. आईचं म्हणणं वेगळं होतं. घोडी लाथ मारते, आणि मोज्यांचा वास दोन धुण्यांत जात नाही. दोन दिवस घरात चर्चा झाली. चर्चा म्हणजे टकळी बोलत होती. शेवटी बाबांनी अट घातली: शनिवार निर्विघ्न पार पडला, एकही सूचना मोडली नाही, तर सुट्टी पागेत. नाहीतर क्लास, पूर्ण सुट्टी, रडारड न करता. हे सगळं त्यांनी कागदावर उतरवलं, टकळीची सही घेतली आणि खाली एक ओळ मोकळी सोडली: 'शेरा'.

नोटरीबाईनं पाठवलेलं अधिकारपत्रही त्यांनी तीनदा वाचलं. 'सदर घोडीची देखरेख, चारा व पाणी' एवढंच त्यात होतं. बाबांना ते उघडं वाटलं. त्यांनी पुढे स्वतःच्या अक्षरात 'व तदनुषंगिक सर्व बाबी' घातलं आणि नोटरीबाईकडून त्यावर वेगळी सही आणली. त्याशिवाय त्यांच्या कार्यालयातून टाचणीसुद्धा बाहेर जात नसे.

"लाथ बसली तर ती तदनुषंगिक का?" आईनं विचारलं. बाबांनी त्यावर विचार केला. खरोखर केला.

शनिवारी सकाळी सहाला टकळी पागेत हजर. नाव सांगितलं. बादली निळ्या रेघेपर्यंत. आयाळ डावीकडे. नऊपर्यंत तेरा सूचना पार पडल्या आणि टकळीला वाटू लागलं, की आपण जन्माला आलो तेव्हाच कुणाला तरी हे कळायला हवं होतं. माणसाला असं वाटायला लागलं की त्यानं लगेच घरी जावं. पण टकळीला देखरेख करायची होती.

दहा वाजता भिंग आणि गोगलगाय आल्या. कशा आल्या? टकळीनं बोलावलं म्हणून आल्या. अकरावी सूचना सांगत होती, बाहेरच्यांना आणू नये. पण मूळ प्रश्नच त्यांचा, मग त्या बाहेरच्या कशा, असा युक्तिवाद टकळीनं स्वतःशी केला आणि स्वतःच मान्य केला. गोगलगायीनं पिशवीभर सफरचंदं आणली होती. बारावी सूचना होती, ठरल्याशिवाय काहीही खाऊ घालू नये. पण भिंगला फोटो काढायचा होता आणि मखमल कॅमेऱ्याकडे बघेना. एक सफरचंद दाखवलं, तेव्हा तिनं पाहिलं. फोटो हलला. मग दुसरं. आठव्या सफरचंदाला असा झकास फोटो आला की टकळी त्यात घोडेस्वार वाटत होती, जमिनीवर उभी असूनसुद्धा.

मैत्रिणी गेल्या. साडेअकराला मखमलनं गवत सोडलं.

आधी टकळीच्या ते लक्षात आलं नाही. मग पुढच्या टापेनं फरशी खरवडल्याचा आवाज आला. एकदा. पुन्हा. मखमल मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होती, तिथं कुणीतरी उभं असल्यासारखं. अंगणात धावू नये ही दहावी सूचना विसरून टकळीनं अंगणातून कागदाकडे धाव घेतली. एक ते सतरा वाचलं. यावर काहीच नव्हतं. खोकला होता, छत्री होती, पोट नव्हतं. होती ती सतरावी सूचना: वरील सूचनांव्यतिरिक्त काहीही करू नये. टकळीनं काय केलं? तिला सुचेना म्हणून तिनं पुन्हा एकदा स्वतःचं नाव सांगितलं.

मखमल गुडघ्यांवर आली, धप्पकन आडवी झाली, परत उठली. मानेवर घाम चमकत होता.

टकळीची हाक ऐकून दंतवैद्य हात पुसत आला, स्टेशनमास्तर घड्याळ बघत आला. दंतवैद्य म्हणाला, दाढ आहे. स्टेशनमास्तर म्हणाला, पावणेबारा ही तिची झोपायची वेळच नाही. एक म्हणाला, कोमट पाणी द्या. दुसरा म्हणाला, थेंबसुद्धा देऊ नका. एक म्हणाला चालवा, एक म्हणाला हलवू नका. आणि मग दोघे मखमलच्या पाठीवरून एकमेकांचे जुने हिशोब काढू लागले. कुणी कुणाची बादली मागच्या वर्षी हलवली होती इथपर्यंत गाडी गेली. इतकी मोठी दोन माणसं, आणि मधे ही घोडी मान टाकून उभी.

नोटरीबाईचा फोन बंद होता. ती ऑपरेशनच्या दाराशी बसलेली. टकळीनं घोडीशेजारी उभं राहूनच पशुवैद्यांच्या दवाखान्यात फोन लावला आणि डॉक्टर लगेच हव्यात असं सांगितलं. तिथली मदतनीस अत्यंत सभ्य होती. मालकाची संमती? मालक परगावी. मग संमती आल्यावर फोन करा. टकळीनं खिशातून अधिकारपत्र काढलं आणि स्पर्धेत लावला होता तो आवाज लावला. देखरेख, चारा, पाणी. "एवढ्यात उपचार बसत नाहीत," मदतनीस म्हणाली. "व तदनुषंगिक सर्व बाबी," टकळी म्हणाली. "वेगळी सही आहे. शिक्काही आहे."

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. मग कुणाशी तरी कुजबुज. टकळीच्या आयुष्यातली ती सर्वांत लांब कुजबुज होती.

"तदनुषंगिक असेल तर मॅडम निघतात," मदतनीस म्हणाली. "तोवर गवत काढून घ्या, हळू चालवत ठेवा, लोळू देऊ नका."

चालवायचं म्हणजे ठाणाबाहेर काढायचं. सहावी सूचना, लाल अक्षरात: मालकाशिवाय कुणीही घोडीला बाहेर काढू नये. दोर आजवर टकळीनं फक्त नोटरीबाईच्या हातात पाहिला होता. तिनं कडी काढली. गंमत म्हणजे त्या क्षणी तिला क्लासही आठवला, बाबांची मोकळी ओळही आठवली, आणि दोन्ही फार लांबच्या वाटल्या, दुसऱ्याच कुणाच्या घरातल्या असाव्यात तशा.

अंगणाला फेऱ्या सुरू झाल्या. मखमल थांबे, पोटाकडे बघे, गुडघे मुडपू लागे. टकळी दोर ओढे आणि बोलत राही. काय बोलत होती? शाळेतलं, परीक्षक मावशीचं, गणिताचं, जे येईल ते. बोलणं थांबलं की घोडी थांबते, हे तिला तिसऱ्या फेरीत कळलं. त्यामुळे घरी ज्या गुणावरून उठता बसता ऐकून घ्यावं लागे, तो गुण तिनं पाऊण तास सलग वापरला. मागे दंतवैद्य आणि स्टेशनमास्तर दोन टोकांना उभे होते, आणि बादलीचं भांडण अर्धंच राहिलं होतं.

पशुवैद्य आली. टकळीहून जेमतेम वीतभर उंच, पण पिशवी केवढी. तिनं मखमलच्या पोटाला नळी लावली, एका बाजूनं ऐकलं, दुसऱ्या बाजूनं ऐकलं.

"आत काहीच हालचाल नाही," ती म्हणाली. "सकाळपासून हिनं काय काय खाल्लंय? मला सगळं हवं. त्यावर ठरेल, इथं निभेल की मोठ्या दवाखान्यात न्यायचं. वाट खराब आहे, या अवस्थेत सगळे घोडे तिथवर पोचतातच असं नाही."

टकळीनं गवत सांगितलं, पाणी सांगितलं, उभी चिरलेली दोन गाजरं सांगितली. पशुवैद्य लिहीत होती. म्हणजे कागद होणार. कागद नोटरीबाईकडे जाणार, आणि तिथून बाबांकडे, कारण कागद शेवटी बाबांकडेच येतात असा टकळीचा अनुभव होता. तिनं मखमलकडे पाहिलं. मखमलचा एक डोळा टकळीवर होता.

"आणि आठ सफरचंदं," टकळी म्हणाली. "मैत्रिणींनी घातली. मीच बोलावलं होतं, फोटोसाठी."

पशुवैद्यनं नुसतं लिहून घेतलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"सफरचंदांनी एवढं होत नाही," ती म्हणाली. "अजून कुणी काही घातलंय?"

दंतवैद्यानं आभाळाकडे पाहिलं. स्टेशनमास्तरनं घड्याळाला किल्ली दिली. छे, म्हणाले दोघे. दुसऱ्याच्या घोड्याला कोण घालतं?

टकळीला नोटरीबाईची एक सवय माहीत होती. भांडणारे दोघं आले की ती त्यांना कधी एकत्र विचारत नसे. टकळीनं पशुवैद्यकडून पेन्सिल मागून घेतली, दोर तिच्या हाती दिला आणि खोगिरांच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसली. दंतवैद्याला आत बोलावलं. दार लावून घेतलं.

"काका, माझं मी सगळ्यांसमोर सांगितलंय," ती म्हणाली. "तुमचं नुसतं मला सांगा."

दंतवैद्यानं आपले स्वच्छ हात पुन्हा एकदा रुमालाला पुसले. मग अगदी हळू म्हणाला, साखरेच्या वड्या. चार. तुझी पाठ वळली की सकाळी चार, नंतर चार, म्हणजे साधारण अठरा. स्वतःच्या घोड्याला तो साखर दाखवतही नसे, दातांसाठी. पण कुणाला तरी घालावीशी वाटायचीच की. आणि ती बाई तिला उपाशी मारते. हे त्या आगगाडीवाल्याला कळायला नको.

मग स्टेशनमास्तर. त्यानं टोपी काढली, खिशातून छोटी डायरी काढली आणि बोटानं ओळ दाखवली. सात दहा, टकळी बादली भरायला गेली असताना, विशेष गाडी, पाचवा फलाट, एक मग कोरडा दाणा. अकरा दहा, टकळी मैत्रिणींना पोचवायला गेली असताना, विशेष गाडी, पुन्हा एक मग. अशा विशेष गाड्या गेले कित्येक महिने धावत होत्या, पण रोज एकच. आज बाई नाही म्हणून जादा सोडली. डोळे पुसत तो म्हणाला, हे त्या साबणवाल्याला सांगू नकोस हं.

टकळीनं बाहेर येऊन सगळं मोठ्यानं वाचलं. इलाज नव्हता. पशुवैद्यला यादी हवी होती आणि टकळीला हळू वाचता येत नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते पाहणं शब्दांत सांगणं टकळीलाही जमलेलं नाही.

कोरडा दाणा आत फुगून बसला होता. पशुवैद्यनं इंजेक्शन दिलं, नाकातून लांब नळी घातली, तेल सोडलं. म्हणाली, आता लीद झाली की सुटलो. चारपर्यंत नाही झाली, तर गाडी मागवायची.

मग सुरू झालं ते वाट पाहणं. चार माणसं, आणि चौघांची नजर एका शेपटीवर. स्टेशनमास्तर स्टुलावर बसून वेळ पुकारत होता. दंतवैद्यानं मखमलचं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं, लाळेसकट, आणि तो हात धुवायला गेला नाही. तीन वाजले. सव्वातीन. तीन बेचाळीसला शेपूट वर गेली आणि सगळे उभे राहिले. पण नुसताच वारा. पशुवैद्य म्हणाली, हेही चांगलं लक्षण आहे. अंगणात त्या वाऱ्याचं एवढं स्वागत आजवर कुणी केलं नसेल.

तीन एक्कावन्नला लीद झाली.

स्टेशनमास्तरनं टोपी काढली. दंतवैद्यानं हात पुढे केला, न धुतलेला, आणि स्टेशनमास्तरनं तो धरला. टकळी फरशीवर बसली आणि ठरवलेलं नसताना रडली.

चारला नोटरीबाईचा फोन आला. टकळीनं एका दमात सगळं सांगितलं, सफरचंदांपासून. मग प्रश्न आला, लीद कशी होती. टकळीनं वर्णन केलं. मग, किती वाजता. सांगितलं.

"स्टेशनमास्तरांच्या घड्याळानं?"

"हो."

"मग बरोबर असेल," नोटरीबाई म्हणाली. "किती सूचना मोडल्यास?"

टकळीनं बोटं मोजली. बाहेरचे, खाऊ, घोडीला बाहेर काढणं, अंगणात धावणं, 'डॉक्टर' हा शब्द फोनवर चार वेळा, आणि अर्थातच सतरावी.

"सहा."

"उद्या ये. लेखी आण," नोटरीबाई म्हणाली आणि फोन ठेवला. ये म्हणजे घोडीकडे ये, की शेवटचं ये, हे टकळीला तिच्या आवाजावरून कळलं नाही.

निघताना स्टेशनमास्तरनं आपला काळा फळा उचलून आणला आणि पाचव्या ठाणाच्या दाराशी टेकवला. टकळीनं मागितला होता म्हणून.

घरी आई-बाबा टेबलाशी बसले होते. टकळीच्या केसांत गवत होतं, बाहीवर तेल होतं, आणि मोज्यांबद्दल बोलायलाच नको. पण तक्रार कुणाचीच आलेली नव्हती. बाबांनी अटीचा कागद समोर घेतला, पेनचं टोपण काढलं आणि मोकळ्या ओळीवर पेन टेकवलं. 'निर्विघ्न' मधला 'नि' लिहूनही झाला होता. टकळीनं एक क्षण गप्प बसायचं, एवढंच काम होतं. गप्प बसणं तिला कधीच जमलेलं नाही, हे एक. पण आज कारण दुसरं होतं.

"बाबा, थांबा," ती म्हणाली. "खोडा ते. सहा सूचना मोडल्या. त्यातल्या चार मोडाव्याच लागल्या, पण दोन मी मिरवायला मोडल्या आणि घोडी मरता मरता वाचली. तुमची ती तदनुषंगिक बाब नसती तर वाचली नसती."

आईनं तोंडावर हात नेला. बाबांचं पेन तिथंच राहिलं.

"तर मी ठरवलंय. क्लासला जाणार. सही माझी आहे, रडारड नाही. पण क्लास आठला असतो. साडेपाचला मी पागेत असणार. बसायला शिकायला नाही, ते काकू ठरवतील, कदाचित कधीच नाही. मी दाराशी फळा लावलाय. लोक खायला घालायचे थांबत नाहीत. मीही नाही थांबले. म्हणून ज्यानं जे घातलं त्यानं ते तिथं लिहायचं, आणि रोज सकाळी तो वाचायला कुणीतरी हवं. काकूंनी दारात उभं केलं नाही तर भिंतीवरून वाचेन. पहिली ओळ लिहून आलेय. सफरचंदं, आठ, मी."

बाबा बोलायला तोंड उघडत होते. टकळीनं टेबलावरचं गजराचं घड्याळ उचललं आणि किल्ली द्यायला सुरुवात केली.

"गजर पाचचा लावतेय. मी गेल्यावर दाराला कडी कुणी लावायची, तेवढं तुम्ही दोघं ठरवून ठेवा."